तळटीप : हर्नहूटची प्रार्थना

* हर्नहूट : जर्मनीतील सॅक्सनीमधले गाव. मोरावियातून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांनी ते १७२२ मध्ये काउंट त्सिंत्सेन्डॉर्फ यांच्या बेर्टेल्सडॉर्फच्या जहागिरीत वसवले. पुढे लूथरपंथी, कॅल्व्हिनपंथी आणि इतरही येऊन मिळाले आणि पाच वर्षांत गावात उभी फूट पडली. भांडण इतके विकोपाला गेले की, आसरा देणारे त्सिंत्सेन्डॉर्फ ‘प्रकटीकरणा’तले श्वापद ठरले आणि पाळक रोथे खोटे संदेष्टे!

१३ ऑगस्ट १७२७ रोजी बेर्टेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांची मने एकदम पालटली, असे लेखकाने म्हटले आहे. भाविक परंपराही तेच सांगते. मात्र त्याआधीची खटपट लेखकाने गाळली आहे. त्सिंत्सेन्डॉर्फ ड्रेस्डेनच्या दरबारी कामातून रजा घेऊन गावात राहायला आले, घरोघर जाऊन एकेकाशी बोलले आणि १२ मे रोजी गावकऱ्यांनी एकत्र राहण्याचे नियम मान्य केले. ऑगस्टमधले अश्रू या मशागतीनंतरचे आहेत. शिवाय हे प्रभुभोजन झाले ते लूथरपंथी गावचर्चमध्येच. वेगळी चूल मांडून नव्हे.

२७ ऑगस्टपासून २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेतले. ज्याने त्याने आपल्या तासाला, जिथे असेल तिथे, प्रार्थना करायची. ही साखळी शंभर वर्षांहून अधिक चालली. १७३२ मध्ये याच गावातून दोघे जण, एक कुंभार आणि एक सुतार, कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावरील गुलामांकडे निघाले.