सातवीचा ताळेबंद

मराठी पुस्तकातली शाळा आणि आपली शाळा यांचा मेळ काही बसत नाही. आम्ही पडलो बँकेतले कारकून, त्यातून बी.कॉम.! रुपयाचा फरक निघाला तरी जेवण गोड लागत नाही. म्हणून एका रविवारी फलटणच्या घरी बसून हिशेब मांडलाच.

पुस्तकाच्या बाजूला जमा भरपूर. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चोर पकडतो. आमच्या वर्गात पेन्सिली चोरीला जायच्या, आणि चोर पकडण्यापेक्षा दुसऱ्याची पेन्सिल उचलणं सोपं पडायचं. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला (2004) मुकुंद नववीत प्रेमात पडतो. आम्ही सातवीतच पडलो असतो हो, पण मध्ये स्कॉलरशिपची परीक्षा आडवी आली!

तरी सातवीला हसू नका. मुंबई इलाख्यात सातवीची ‘व्हर्नाक्युलर फायनल’ पास झाला की माणूस मास्तर होऊ शके. शेजारच्या औंध संस्थानातल्या शाळेवर माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ (1955) लिहिली, तिच्यातला मास्तर पोरसवदाच आहे. साने गुरुजी तर शिकण्यासाठी कोकणातून औंधला आले होते. आज ज्या इयत्तेत पोरं डबा सांडतात, त्या इयत्तेवर एके काळी संसार उभे राहत.

खर्चाची बाजू लिहिताना मात्र पेन अडलं. पुस्तकात एखाद्या पोराची शाळा सुटली तर त्याच्यावर निदान एक प्रकरण तरी होतं. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि त्यांच्याबरोबर आलेली पोरं तिकडे गावच्या हजेरीपटावर नुसती ‘गैरहजर’ होतात. त्यांच्यावर प्रकरण नाही की प्रस्तावना नाही.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, की निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा. चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. म्हणजे मागणीवर दोन वर्षं वाढवून मिळाली खरी, पण त्याला 128 वर्षं लागली. व्याजाचा दर वाचकांनीच काढावा. आमच्या कॅल्क्युलेटरला लाज वाटते.

आणि आमच्या काउंटरवर अंगठ्यासाठी शाईचा पॅड अजून आहेच. वाळला की शिपाई त्यात दोन थेंब टाकतो. तो पॅड कायमचा वाळेपर्यंत या हिशेबाखाली आम्ही एवढंच लिहू शकतो : बाकी पुढे ओढली.