लग्नातले वचन: कोणी, कोणाला सांगितलेले?

मांडववाला ठरतो, पत्रिका छापायला जाते आणि मग पाळकसाहेब विचारतात, "वचन कोणतं घ्यायचं?" बुलडाणा, खामगावकडच्या ख्रिस्ती घरांत याचे उत्तर बहुधा तयार असते: "ते प्रीतीचं घ्या, साहेब." म्हणजे करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३ वा अध्याय. उत्तरात चूक काही नाही. मात्र त्या अध्यायाच्या अलीकडे-पलीकडे मोठे शिवार पसरले आहे आणि नव्या वाचकाला त्यात हिंडवून आणावे, एवढ्यासाठी हा अभ्यास.

निवडीला मोकळीक पुष्कळ आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्नाची वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सात अशी बांधली आणि पाळकाखेरीज दोन साक्षीदार मागितले. विधी कसा करावा, हे मात्र परवानाधारक पाळकावर सोडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशन वऱ्हाडात आले, खामगावला त्यांनी अनाथ मुलींना सांभाळले. त्या वळणाच्या मंडळ्यांत लग्नाच्या पाठांची सक्तीची यादी नसते. कॅथलिकांकडे १९६९ च्या नव्या विवाहविधीपासून भरघोस यादी आहे. तिच्यातून काहीही निवडा, पण निदान एक पाठ थेट विवाहाबद्दल बोलणारा हवा, असा दंडक पुढे आला. दंडक मला पटतो. नाहीतर प्रेमाबद्दल गोड बोलणारा कुठलाही उतारा लग्नात खपून जातो.

या विषयात शिरताना एक प्रश्न हाताशी ठेवावा: हे वचन मुळात कोणी, कोणाला सांगितले? प्रीतीचा अध्याय पौलाने नवरा-नवरीसाठी लिहिलेला नाही. आपसांत गट पाडून भांडणाऱ्या, कोणाचे कृपादान मोठे यावर हमरीतुमरीवर आलेल्या मंडळीला त्याने तो लिहिला. हे कळले म्हणून तो लग्नातून काढून टाकायचा नाही. मांडवात मानपानावरून दोन भावकींची तोंडे दोन दिशांना असतात, तिथे तो नेमका जागेवर बसतो.

नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय तर आपण सरळ उलटा लावतो. सद्गुणी स्त्रीचे ते २२ ओव्यांचे कवन, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने बांधलेले, नवरीकडे पाहत वाचले जाते, जणू सासरच्या अपेक्षांची यादीच. पण अध्याय सुरू होतो तो लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेल्या बोलांनी. ऐकणारा मुलगा आहे! शिवाय ही बाई स्वतः पारख करून शेत विकत घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. सातबाऱ्यावर बाईचे नाव चढवताना आजही कुरकुर होते, अशा गावात हा उतारा नवऱ्याकडे तोंड करून वाचून पाहावा.

रूथचे 'तू जाशील तिकडे मी येईन' या आशयाचे बोलणे नवऱ्याला उद्देशून नाही, विधवा सुनेने विधवा सासूला दिलेला तो शब्द आहे. दुष्काळाने घर सोडायला लावलेले कुटुंब, परमुलखातली सून, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून भागवलेली चूल: हे वऱ्हाडात फोडून सांगावे लागत नाही.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाबद्दल थोडक्यात: वाचन २२ व्या वचनापासून सुरू केले तर पत्नीनेच नमायचे, असे ऐकू येते. २१ व्यापासून केले तर आधी दोघांनी एकमेकांना मान द्यायचा असतो. सुरुवात कुठून करायची, हीही निवडच आहे.

आणि काना गावचे लग्न. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात नवरीचा उल्लेखही नाही, नवऱ्याचे कौतुक होते पण पाण्याचा द्राक्षारस झाला याचा त्याला पत्ता नाही. ठाऊक असते ते पाणी भरणाऱ्या नोकरांना. सहा दगडी रांजण, एकेकात आजच्या हिशेबाने ऐंशी ते शंभर-सव्वाशे लिटर, आणि तेही काठोकाठ. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मांडवात हा पाठ मागच्या बाजूला पातेली घासणाऱ्या बायांनाही ऐकू जाईल, असा कर्णा लावावा.

पाठ कोणत्या भाषांतरातून घ्यायचा तेही बघावे. बायबल सोसायटीची प्रत बहुतेकांच्या कानात बसली आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायामाणसांसाठी केलेले भाषांतर १९२४ मध्ये पुरे छापून निघाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' आजच्या बोलण्याच्या जवळचे आहे. मांडवात अर्धेअधिक शेजारी बायबल पहिल्यांदाच ऐकत असतात, तेव्हा वाचणाऱ्याने, मग तो नवरीचा मामा असो की नववीतली भाची, तिन्ही मोठ्याने वाचून जिभेवर घोळवावीत आणि मगच ठरवावे.

मुलगी अलायन्सची आणि मुलगा कॅथलिक असला, तर तोबितच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातली प्रार्थना विचारात घ्या. इथे नवरा-नवरी स्वतःच देवाशी बोलतात आणि शेवटी दोघे मिळून आमेन म्हणतात. मुलीकडच्या प्रोटेस्टंट बायबलात ते पुस्तक नसल्याने ती सापडणार नाही. मुलाकडच्या प्रतीत नहेम्यानंतर उघडावी.