पोरवयातली पदवी

छत्रपती संभाजीनगराहून सिल्लोडकडे निघाले म्हणजे वाटेत फुलंब्री लागते. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. परंतु संगीताचा नाद असलेल्या मराठी घरांत त्याचे नाव पोचले ते एका आडनावामुळे. कृष्णराव गणेश फुलंब्रीकर ह्यांचा जन्म 20 जानेवारी 1898 रोजी देवाच्या आळंदीस झाला, तेव्हा फुलंब्री त्यांच्या वाट्यास आली ती आडनावापुरतीच. आणि लोक तर त्यांस आडनावानेही क्वचितच ओळखीत. ते सर्वांचे मास्टर कृष्णराव.

हा 'मास्टर' शाळेतला मास्तर नव्हे. नाटकमंडळ्यांच्या जाहिरातींत कोवळ्या वयाच्या गायक नटाच्या नावाआधी हा शब्द लावीत. मिसरूड फुटली की तो गळून पडावा. पुष्कळांच्या बाबतीत त्याबरोबर गुणही गळून पडे. कृष्णरावांच्या नावास तो 1974 साली त्यांचे निधन होईपर्यंत चिकटून राहिला. नारायणराव राजहंस जन्मभर 'बाल' गंधर्व राहिले आणि शिवपुत्र कोमकळीमठ 'कुमार' गंधर्व. आम्हां रसिकांची ही खोड मोठी विलक्षण आहे! मुलाचा गुण हेरण्यास आम्हांस क्षणाचाही विलंब लागत नाही. तो मुलगा मोठा झाला, हे मान्य करण्यास मात्र मन सहसा धजत नाही.

'नाट्यकलाप्रवर्तक मंडळी'च्या 'संत सखू' नाटकात विठोबा झालेला छोटा कृष्णा प्रेक्षकांस वेड लावून गेला. तेथेच सवाई गंधर्वांचे पहिले मार्गदर्शन त्यास मिळाले. गोड गळा ओळखावयास फार मोठा जाणकार लागत नाही, टाळ्या ते काम करतात. परंतु मुलाचा आवाज ही उसनी आणलेली ठेव असते. ऐन पौगंडात निसर्ग ती परत मागतो, आणि मग पदरी काय उरते हा खरा प्रश्न.

ह्या मुलास गुरू लाभले ते भास्करबुवा बखले, आणि आमच्या मते त्याच्या भाग्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच होय. बुवा स्वतः लहानपणी किर्लोस्कर मंडळीत 'रामराज्यवियोगा'तली कैकेयी करीत. इंदुरास ते गाणे ऐकून बीनकार बंदे अली खाँ ह्यांनी त्या पोरास गंडा बांधला होता. पुढे आवाज फुटला, तशी मंडळीतली किंमतही उतरली. कालपर्यंत ज्याच्या गळ्यावर तिकिटे खपली, तो आज कोणाच्या हिशेबी नाही! बुवांनी बडोद्याची वाट धरली. फैज महंमद खाँ, मग नत्थन खाँ, नंतर अल्लादिया खाँ अशी तिघांपाशी वर्षानुवर्षे तालीम घेऊन त्यांनी दुसरा आवाज कमावला. फुटलेल्या आवाजापलीकडेही गवई असू शकतो, हे ज्याने स्वतःच्या अंगावर सोसून जाणले, अशा माणसाच्या हाती कृष्णा पडला. कौतुक करणारे हजार भेटतात; असा एखादाच.

1922 साली बुवा गेले. त्यांच्या मागे गंधर्व नाटक मंडळीतल्या चालींचा भार कृष्णरावांवर आला, आणि येथून गाणाऱ्या मुलाचा स्वररचनाकार होत गेला. 'कान्होपात्रा' (1931) रंगभूमीवर आले. बोलपट आले तेव्हा 'प्रभात'साठी 'धर्मात्मा' (1935), 'माणूस' (1939), 'शेजारी' (1941). मग रांगणेकरांचे 'कुलवधू' (1942). नाटकास ओहोटी लागली म्हणून हा मनुष्य हळहळत बसला नाही. भारत गायन समाजात शिष्य शिकवले, 'रागसंग्रहा'चे सात भाग स्वरलिपीसह सिद्ध केले. गवई म्हणून ते थोर की रचनाकार म्हणून, हा वाद अजून रंगतो. आमचा कौल रचनाकाराच्या बाजूने आहे, कारण ते काम टाळ्यांनी शिकवता येत नाही.

'वंदे मातरम्' समूहास गाता येत नाही व बँडवर वाजवता येत नाही, असा आक्षेप निघाला, तेव्हा त्यास उत्तर म्हणून त्यांनी दोन्ही रचना बांधल्या आणि दिल्लीस जाऊन संविधान सभेच्या सभासदांस ऐकवल्या. 24 जानेवारी 1950 रोजी राष्ट्रगीताचा मान 'जनगणमन'ला मिळाला; 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा आदर देण्याचे ठरले. कालचा छोटा विठोबा तेव्हा बावन्न वर्षांचा होता.