वाफबॉयलर, घरगुती : बदलीनंतरच्या नळजोडणीची तपासणी

जुन्या घरातील जीर्ण झालेला वाफेचा बॉयलर काढून त्या जागी नवा बसविल्यानंतर, त्याच्या तोंडापासून घरातील मुख्य वाफनळापर्यंतची, तसेच रेडिएटरांतून परत येणाऱ्या पाण्याची जोडणी उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे झाली आहे किंवा नाही याची खातरजमा करून घेण्याची पद्धती. हा विषय प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ईशान्य भागाचा होय. न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया आणि त्यांची उपनगरे यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे १९३० पर्यंत बांधलेल्या पुष्कळ घरांत तळघरातील बॉयलर, भिंतीलगतचे बिडाचे रेडिएटर आणि या दोहोंना जोडणारे लोखंडी नळ अशी व्यवस्था अद्याप चालू आहे. नळ व रेडिएटर शंभर वर्षे टिकून राहतात, बॉयलर मात्र त्या अवधीत दोनतीन वेळा बदलावा लागतो. महाराष्ट्रात बॉयलर हा शब्द उच्चारताच गिरणीचे धुराडे किंवा साखर कारखाना डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु न्यू जर्सी किंवा क्वीन्स येथील जुन्या घरांत बिऱ्हाड करणाऱ्या मराठी कुटुंबांना तो हिवाळ्याचे सहा महिने स्वतःच्याच तळघरात सांभाळावा लागतो, आणि म्हणून त्याची ही माहिती मराठीत असणे अगत्याचे आहे.

तपासणीची निकड समजण्यासाठी जुना आणि नवा बॉयलर यांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. जुन्या बॉयलरचे पोट मोठे असे, त्यात पाणी पुष्कळ मावे, पाण्याचा पृष्ठभाग विस्तीर्ण असल्यामुळे वाफ त्यावरून सावकाश वर येई, आणि तिच्यासोबत उडालेले थेंब वरच्या प्रशस्त पोकळीतच तिची संगत सोडून खाली पडत. इंधनाची बचत व्हावी म्हणून उत्पादकांनी पुढे बॉयलरचा आकार आणि त्यातील पाणी ही दोन्ही कमी केली. त्यामुळे वाफ लवकर तयार होऊ लागली खरी, पण ती अरुंद मुखातून वेगाने बाहेर पडताना पाणीही ओढून नेऊ लागली, आणि वाफ व पाणी यांना वेगळे करण्याचे जे कार्य पूर्वी बॉयलरच्या पोटात होत असे ते आता बाहेरच्या नळांकडे आले. सबब बॉयलरलगतचे नळ हे बॉयलरचेच एक अंग मानावयास हवे. ज्या कारागिराचा हात गरम पाण्याच्या यंत्रणेवर बसला आहे, त्याला नळ म्हणजे दोन टोके जोडणारे साधन एवढेच दिसते. वाफेच्या कामात मात्र नळाची उंची, जाडी, उतार आणि क्रम यांतील प्रत्येक गोष्टीला प्रयोजन असते. ओल्या वाफेचा तोटा केवळ कल्पनेतला नव्हे. एक पौंड वाफ रेडिएटरमध्ये निवून पाणी होताना सुमारे ९७० ब्रिटिश औष्णिक एकके इतकी उष्णता देते. तिच्याबरोबर फुकट प्रवास करून आलेले पाणी त्या मानाने जवळजवळ काहीच देत नाही, उलट वाटेतच वाफेला निववून टाकते. परिणाम असा की इंधन जळते, खोल्या थंड राहतात आणि नळ रात्री अपरात्री हातोडा मारल्यासारखे वाजतात.

तपासणीस आरंभ करण्यापूर्वी दोन कागद हाती असावेत : बसविलेल्या नमुन्याची उत्पादकाची पुस्तिका, आणि घरातील रेडिएटरांचा हिशेब. अमेरिकेतील बांधकामविषयक नियमांत उपकरण उत्पादकाच्या सूचनांनुसार बसवावे अशी तरतूद सर्वसाधारणपणे असल्यामुळे पुस्तिकेतील नळजोडणीची आकृती केवळ सल्ला राहत नाही, तिला दस्तऐवजाचे मोल येते. दुसऱ्या कागदाचे महत्त्वही तितकेच. वाफेचा बॉयलर घराच्या क्षेत्रफळावरून किंवा जुन्या बॉयलरवरील पाटीवरून निवडू नये. तो सर्व रेडिएटरांच्या एकूण उष्णता-पृष्ठावरून निवडावा लागतो. एक चौरस फूट पृष्ठ ताशी २४० एकके उष्णता देते असे मानतात. ३८ इंच उंचीच्या तीन स्तंभांच्या जुन्या रेडिएटरच्या प्रत्येक खंडाला ५ चौरस फूट धरतात; म्हणजे असा दहा खंडांचा रेडिएटर ५० चौरस फूट, अर्थात ताशी १२,००० एककांचा झाला. नळ तापविण्यासाठी लागणारी सुमारे एकतृतीयांश जादा शक्ती बॉयलरच्या निव्वळ क्षमतेच्या आकड्यात आधीच गृहीत धरलेली असते. ती पुन्हा मिळविल्यास बॉयलर अवास्तव मोठा होतो, आणि मग निर्दोष जोडणीलाही यश येत नाही.

आता नळांकडे वळावे. बॉयलरच्या मुखातून सरळ वर जाणाऱ्या नळास राइझर आणि हे राइझर ज्या आडव्या नळास मिळतात त्यास हेडर म्हणतात. पहिले माप उंचीचे : हेडरची खालची कड बॉयलरमधील पाण्याच्या पातळीपासून किमान २४ इंच उंच असावी असे बहुतेक पुस्तिकांचे सांगणे असते, कारण तेवढे अंतर चढून जाताना बराचसा जलांश आपल्याच भाराने माघारी पडतो. तळघराचे छत बुटके असले की कारागीर याच मापात काटकसर करतो. वस्तुतः अशा ठिकाणी राइझर आधी पुरेसे उंच नेऊन तेथून हेडर खाली उतरविण्याची तजवीज करता येते. दुसरे माप जाडीचे : राइझर किंवा हेडर पुस्तिकेतील मापाहून बारीक असेल तर वाफेचा वेग वाढतो आणि वेगाबरोबर पाण्याची चोरी वाढते, उलट माप थोडे वाढविल्याने कोणाचे नुकसान होत नाही. बॉयलरला दोन मुखे असून पुस्तिकेने दोन्ही वापरण्यास सांगितले असता एकावर बूच बसवून काम उरकलेले आढळल्यास तो दोष समजावा.

मापांहूनही क्रम अधिक महत्त्वाचा, आणि नळजोडणीतील अत्यंत सर्रास आढळणारी चूक येथेच होते. हेडरवर प्रथम बॉयलरचे सर्व राइझर, त्यानंतर घरात जाणाऱ्या वाफनळांच्या शाखा, आणि सर्वांत शेवटी पाणी खाली उतरविणारा उभा नळ, ज्यास इक्वलायझर म्हणतात, असा अनुक्रम असावा. वाफ आणि पाणी दोघेही एकाच दिशेने चालू लागतात, हलकी वाफ वरच्या शाखांत शिरते, जड पाणी तळाशी सरपटत शेवटच्या नळातून बॉयलरकडे परतते. घराची शाखा दोन राइझरांच्या मध्येच काढली, तर दोन्ही बाजूंनी येणारी वाफ त्या एका तोंडाशी एकमेकींवर आदळते आणि अडलेले पाणी वर उचलून घेऊन जाते. टीच्या, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाच्या, मधल्या तोंडातून वाफ आत घेऊन ती दोन्ही बाजूंस फोडणे, ज्याला कारागीर बैलाच्या डोक्याची उपमा देतात, तेही याच कारणासाठी त्याज्य होय. हेडरची जाडी आडव्या भागात साध्या रिड्यूसरने कमी केली असल्यास त्याच्या अलीकडे पाण्याचे डबके साचते. म्हणून जाडी कमी करावयाची ती हेडर खाली वळल्यानंतर, किंवा वळणाच्या एल्बोतच.

हेडर कशाचा आहे हेही पाहावे. तो आट्यांनी जोडलेल्या लोखंडी नळाचा असावा, आणि राइझर व हेडर यांच्या दरम्यान दोन एल्बो अशा रीतीने असावेत की नळ तापून वाढला असता आट्यांवर किंचित फिरून ती वाढ पचवील. बॉयलर बिडाच्या खंडांचा बनलेला असतो. ताठ, न हलणारा हेडर वाढताना त्या खंडांच्या सांध्यांवर जोर देतो. तांब्याचा नळ जोडण्यास सोपा, म्हणून अलीकडे पुष्कळ घरांत त्याचाच हेडर दिसतो. परंतु तांबे लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावते, झाळलेले सांधे वळत नाहीत, आणि हंगामभर तापण्या-निवण्याने ते अखेर फाटतात. वाफेच्या बाजूस तांबे आढळल्यास, काम कितीही चकचकीत असले तरी ते स्वीकारू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पाण्याच्या परतीला मात्र तांबे चालते.

इक्वलायझरच्या खालच्या अंगास परतीचा नळ मिळतो तो विशिष्ट वळणाने, आणि या वळणास हार्टफर्ड लूप हे नाव कनेक्टिकट संस्थानातील हार्टफर्ड या नगरावरून मिळाले. तेथे १८६६ मध्ये बॉयलरांची तपासणी करून त्यांचा विमा उतरविणारी कंपनी स्थापन झाली होती. परतीचा नळ बॉयलरला थेट तळाशी जोडला असता जमिनीलगतचा तो नळ गंजून फुटल्यावर बॉयलरमधील सारे पाणी वाहून जाई, कोरड्या बिडाखाली जाळ तसाच राही आणि बॉयलर फुटे. यावर उपाय म्हणून या कंपनीने सुमारे १९१९ पासून या वळणाचा पुरस्कार केला. यात परतीचा नळ तळापासून वर उचलून पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली इक्वलायझरला मिळवितात. परतीला भोक पडले तरी पाणी त्या सांध्याच्या उंचीपर्यंतच उतरते, आणि पुढे इक्वलायझरमधून वाफ त्या सांध्यात शिरल्यामुळे पाण्याचा ओघ तुटतो. सांध्याची उंची पुस्तिकेत दिलेली असते, बहुधा पातळीच्या २ ते ४ इंच खाली. तो पातळीच्या जवळ किंवा वर आला, तर परतीचे पाणी वाफेला उघड्यावर गाठते आणि नळ दणाणतो. याच कारणास्तव तेथला आडवा तुकडा आखूडात आखूड निपलचा, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या तुकड्याचा, असावा. मोजपट्टी घेऊन ही दोन मापे पाहणे कोणाही गृहस्थाला जमण्यासारखे आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट जोडली पाहिजे, कारण हेडर निर्दोष असूनही तिच्यामुळे घर वाजू लागते. नव्या बॉयलरची पाण्याची पातळी बहुधा जुन्याहून खाली असते. घराची परतीची व्यवस्था मात्र जुन्या पातळीस अनुसरून बांधलेली. जे आडवे नळ नित्य पाण्याने भरलेले राहावेत अशी मूळ रचनाकाराची योजना होती, ते नव्या पातळीच्या वर उघडे पडतात आणि त्यांत वाफ शिरते. म्हणून जुना बॉयलर काढण्यापूर्वी त्याच्या पातळीची खूण भिंतीवर करून ठेवावी, आणि जरूर तर नवा बॉयलर विटांच्या चौथऱ्यावर चढवावा. उलट दिशेचे बंधनही आहे : एकनळी पद्धतीत, म्हणजे रेडिएटरकडे वाफ जाण्यास व तेथून पाणी परतण्यास एकच नळ असतो तेथे, मुख्य वाफनळाचे शेवटचे टोक पाण्याच्या पातळीहून सुमारे २८ इंच वर असावे, कारण नळांतून जाताना वाफेचा जो दाब खर्च होतो तो भरून काढण्यासाठी पाण्याला त्या टोकापासून खाली उतरणाऱ्या उभ्या नळात तितके चढावे लागते. दर चौरस इंचास एक पौंड दाब म्हणजे पाण्याचा सुमारे २८ इंचांचा स्तंभ, हे प्रमाण लक्षात ठेवल्यास या यंत्रणेतील निम्मी कोडी आपोआप सुटतात.

दाबनियंत्रकाचीही झडती घ्यावी. तो पाण्याने भरलेल्या वळणदार नळीवर बसविलेला असावा आणि दोन पौंडांच्या आतच जाळ बंद करणारा असावा. खोल्या तापत नाहीत म्हणून दाब वाढविणे ही चुकीची चिकित्सा होय. सेफ्टी व्हॉल्व्ह १५ पौंडांचा, त्याचा निकास नळाने जमिनीजवळ नेलेला, आणि मध्ये कोणतीही चावी नसलेला असावा. पाणी कमी होताच जाळ तोडणारे साधन प्रत्यक्ष चालवून पाहावे. १९०५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथील जोड्यांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे मृत्युमुखी पडली, आणि अशा अनर्थांतूनच अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची बॉयलरसंहिता पुढील दशकात सिद्ध झाली. घरगुती बॉयलर लहान असला तरी या साधनांबाबत सवलत मागण्याचा अधिकार कोणासही नाही.

यानंतर प्रत्यक्ष चालविण्याची परीक्षा. नव्या नळांचे आटे पाडताना वापरलेले तेल बॉयलरमध्ये उतरते आणि पाण्यावर तवंग धरते; त्या तवंगाखालून वाफ फुटताना पाणी उसळते, आणि जोडणी शुद्ध असूनही ती सदोष भासते. म्हणून पातळीजवळ ठेवलेल्या बाजूच्या तोंडातून, पाणी गरम पण उकळते नसताना, पेन्सिलीएवढ्या बारीक धारेने ते तेल वाहून जाऊ द्यावे लागते. या कामास काही तास लागतात, आणि पुष्कळदा ते दुसऱ्यांदा करावे लागते. घाईने मोठी धार सोडल्यास पाणी जाते व तेल मागे राहते. त्यानंतर जाळ चालू असताना गेज ग्लासकडे, म्हणजे बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखविणाऱ्या काचनळीकडे, पाहावे. पाण्याची पातळी इंचभर हलावी, तिने उड्या मारू नयेत. काचेचा वरचा भाग कोरडा असावा, तेथे थेंबांचे ओघळ सतत वाहू लागले तर वाफ ओली आहे असे जाणावे. मुख्य नळाच्या टोकाशी हवा सोडणारे व्हॉल्व्ह पुरेसे असल्यास वाफ सर्व रेडिएटरांच्या तोंडाशी जवळपास एकाच वेळी पोहोचते. पहिल्या काही आठवड्यांत बॉयलरला किती नवे पाणी द्यावे लागते याची नोंद ठेवावी, कारण ताजे पाणी आपल्याबरोबर प्राणवायू आणते आणि तो पाण्याच्या पातळीवरील बीड खातो.

अमेरिकेतही हे ज्ञान दीर्घकाळ जुन्या कारागिरांच्या हाती राहून त्यांच्याबरोबरच लुप्त होऊ लागले होते. डॅन होलोहन यांनी १९९२ साली ‘द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून ते पुन्हा सर्वांच्या हाती दिले, आणि ग्रंथाच्या नावातील हरवलेल्या कलेचा उल्लेख अन्वर्थक आहे. तपासणीत दोष आढळल्यास मोजमापांसह आणि छायाचित्रांसह तो बसविणाऱ्यास लेखी कळवावा, पुस्तिकेतील आकृतीचे पान सोबत जोडावे, आणि दुरुस्ती होईपर्यंत अखेरची रक्कम राखून ठेवण्याचा करार आरंभीच केलेला असावा. अशा दुरुस्तीसाठी बॉयलर सहसा बदलावा लागत नाही. युनियन, म्हणजे सुटे करता येणारे जोड, सोडवून राइझर आणि हेडर उतरवावे, योग्य क्रमाने व मापाने पुन्हा चढवावे, आणि नवे आटे पाडल्यामुळे पाण्यावरील तेल पुन्हा एकदा काढून टाकावे.