मोहल्ला समिती (भिवंडी)

एका वस्तीत राहणाऱ्या निरनिराळ्या धर्मांच्या सामान्य माणसांनी आणि तिथल्या पोलिसांनी नियमाने एकत्र बसावे, कुरबुरी भडकण्याआधी मिटवाव्यात, यासाठी उभे केलेले स्थानिक मंडळ. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे १९८८ मध्ये तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी या समित्यांची घडी बसवली. सणावारापूर्वी पोलीस ठाण्यात भरणारी ‘शांतता समिती’ याहून जुनी आणि वेगळी. तिथे पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी येतात, चहा होतो, आवाहन निघते आणि पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला भेटत नाही.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, कोकणी मुसलमान, तेलुगू पद्मशाली, आगरी, सुताचे व्यापारी अशी सगळी माणसे एकाच धंद्याच्या साखळीत बांधलेली. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, कापड विकणारा तिसरा. तरीही ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने इथे दंगल पेटली आणि तिची झळ जळगाव व महाडपर्यंत गेली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या चौकशी आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर कठोर ताशेरे ओढले. १९८४ च्या मे महिन्यात गाव पुन्हा पेटले. या वेळी ठाणे, कल्याण आणि मुंबईही होरपळली. धंद्याने बांधलेली माणसे आपोआप एकमेकांना सांभाळून घेतात, हा समज भिवंडीने चौदा वर्षांत दोनदा खोटा ठरवला. देवघेव होती, पण एकमेकांच्या घरची खबर नव्हती. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत हक्काचे माणूस नव्हते.

खोपडे यांनी नेमके हेच हेरले. त्यांनी वस्तीवस्तीत मिळून सुमारे ७० समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही बाजूंची माणसे होती आणि भर राजकीय पुढाऱ्यांवर नव्हता. मागावरचा कामगार, दुकानदार, रिक्षावाला, घर सांभाळणारी बाई अशी रोज रस्त्यावर किंवा नळावर दिसणारी माणसे त्यांना हवी होती. त्या भागातला पोलीस बैठकीला येऊन बसे. बैठकीत धर्मावर प्रवचने होत नसत. विषय असत तुंबलेल्या गटाराचे, पाण्याचे, भाडेकरूच्या भांडणाचे, पोरांच्या मारामारीचे. गटाराच्या भांडणात आज ज्याने मध्यस्थी केली, त्याच्या शब्दाला उद्या मिरवणुकीच्या वेळी वजन येते. मैत्री करा असे सांगून मैत्री होत नाही; दोघांना मिळून एखादे काम करावे लागते. हा प्रयोग टिकला तो यामुळे.

पोलिसांपुरता याचा अर्थ आणखी मोठा होता. एरवी मुस्लीम वस्तीत पोलीस यायचा तो झडतीला किंवा धरपकडीला. आता तो तक्रार ऐकायला येऊ लागला. मादन आयोगाने दाखवलेला अविश्वास एखाद्या परिपत्रकाने जाणारा नव्हता. तो कमी करण्याचा याहून साधा मार्ग निदान महाराष्ट्रात तरी त्याआधी कोणी इतक्या चिकाटीने चालवलेला दिसत नाही.

खरी कसोटी लागली ६ डिसेंबर १९९२ नंतर. बाबरी मशीद पाडली गेल्यावर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत झालेल्या दंगलींत ९०० माणसे मारली गेली, असे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. त्या दोन महिन्यांत मुंबईपासून हाकेच्या अंतरावरची, दोनदा जळालेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी या अनुभवावर लिहिलेल्या मराठी पुस्तकाचे नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. हिंदू-मुस्लीम संबंधांचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही शांततेच्या काळात विणलेल्या नागरी नात्यांवर लिहिताना भिवंडीची दखल घेतली.

मुंबईने हा धडा जळाल्यानंतर घेतला. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने १९९४ पासून मुंबईत मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने तिला घराघरात नेले. चार धर्मांच्या वेशातली चार मुले दाखवणारे ‘हम सब एक हैं’ हे त्यांचे भित्तिपत्रक शहरभर लागले.

मर्यादाही भिवंडीनेच दाखवल्या. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद झाला. पोलीस गोळीबारात दोन जण गेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. हा वाद दोन धर्मांतला नव्हता. तो वस्ती आणि पोलीस यांच्यातला, जागेचा होता. म्हणजे मोहल्ला समितीच्या बैठकीत सर्वांत आधी यावा असाच. खोपडे यांच्यासारखा अधिकारी बदलून गेला की समिती कागदावर उरते, ही या पद्धतीची मोठी दुबळी बाजू आहे. ती सरकारी योजना होऊन भागत नाही. तिला सतत बसणारी माणसे लागतात.

पोलिसांशिवाय उभी राहिलेली उदाहरणेही महाराष्ट्रात आहेत. सांगली जिल्ह्यातील गोटखिंडी या गावात १९६१ साली पाऊस आला म्हणून मुस्लीम शेजाऱ्यांनी गणपती मशिदीत आणायला सांगितले. १९८० पासून तिथे मशिदीतच गणपती बसतो.

अशी शेजारओळख नव्या शहरात मुळातच नसते. ज्या १९७० साली भिवंडी पेटली, त्याच साली सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि बेलापूर, दिवाळे यांसारख्या गावांभोवती नवी मुंबई उभी राहू लागली. दिवाळ्यासारख्या कोळीवाड्यात भांडण गावकीसमोर येते, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. शेजारच्या नव्या वसाहतींमधल्या इमारतींत देशभरातून, सर्व धर्मांची कुटुंबे आली. तिथे गावकी नाही, असते ती सोसायटीची सभा, आणि तिचा विषय देखभाल खर्चापलीकडे क्वचितच जातो. मोहल्ला समितीची जागा आज अशा वस्त्यांत अधिक मोकळी आहे.

भिवंडीने गिरवलेला पाठ मुंबईत अलीकडे वेगळ्या रूपाने दिसतो. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आले, तेव्हा मुस्लीम संघटनांनी आपला जुलूस २९ ला नेला. २०२४ मध्ये तो १८ सप्टेंबरला निघाला, तर २०२५ मध्ये विसर्जन आटोपल्यानंतर ८ सप्टेंबरला.