रेस सोडली की बंद

"काका, चालू होतंय, पण रेस सोडली की बंद पडू राहिलं." कटर घेऊन माझ्या दुकानात येणारा बहुतेक प्रत्येक जण हेच सांगतो. झाड कापायचं मशीन, पाच-सहा किलो वजनाचं, पुढे बार आणि त्यावर दातेरी चेन. भर रेसवर ते बाभळीचा बुंधा चिरत जातं आणि बोट सैल केलं की दोनदा अडखळून गप्प होतं. पोरांना वाटतं, रेसवर चालतंय म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, स्लोचा स्क्रू थोडा पिळला की झालं काम. माझं म्हणणं उलट आहे. इंजिनाची तब्येत रेसवर झाकली जाते, ती उघडी पडते स्लोवर. ही स्लो ओळखायची विद्या आमच्या भोकरदनला कंपनीच्या पुस्तकातून आली नाही. ती लुना आणि चेतकमधून आली.

१९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना आणली आणि त्याच वर्षी बजाजची चेतकही रस्त्यावर आली. दोन्ही दोन-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या. तेव्हा आमचा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. पुढे १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्यात स्कूटरला तोटा राहिला नाही. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, कापसाचे व्यापारी, सगळे दोन-स्ट्रोकवर. त्यांच्यामागोमाग बस स्टँडजवळ, सिल्लोड रोडला, जालना रोडला टपऱ्या पडल्या. एक पेटी, चार पाने, एक पेचकस आणि उस्तादाचे कान, एवढ्यावर तो धंदा उभा राहिला.

चेतक सकाळी चालू होईना की माणूस काय करायचा, हे चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. गाडी एका बाजूला आडवी करायची, दोन क्षण तशीच धरायची, सरळ करायची आणि किक मारायची. यामागचं कारण साधं आहे. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल असतं, त्यावर फ्लोट तरंगतो. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली जातो, सुई उघडते. वाटी भरली की सुई बंद होते. गाडी आडवी केली की पातळीचा हिशेब बिघडतो, जास्तीचं पेट्रोल इंजिनाच्या घशात उतरतं आणि थंड इंजिन पेट घेतं. म्हणजे फ्लोटच्या कार्बोरेटरला एकच अट असते: तो सरळ उभा राहिला पाहिजे. स्कूटर ती अट पाळते. झाड कापणारा माणूस कशी पाळणार? बुंधा तोडताना मशीन आडवं, फांदी छाटताना तिरकं, खालून काप घ्यायचा तर उलटं.

जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवरची चेनची करवत केली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची. ती ४६ किलोची होती आणि दोघांनी मिळून उचलावी लागायची. त्या काळच्या मशीनमध्ये इंजिन सरळच ठेवायचं आणि पुढचा बार तेवढा आडवा-उभा फिरवायचा, अशी सोय असे. ही सगळी खटपट त्या एका वाटीतल्या पेट्रोलसाठी! १९५० मध्ये श्टिलचं एका माणसाने चालवायचं पेट्रोल मशीन आलं, तेही १६ किलोचं. १९५९ चं 'कॉन्ट्रा' १२ किलोवर उतरलं. दरम्यान चेनही सुधारली होती. अमेरिकेत ऑरेगॉनमधला जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या एका किड्याची अळी लाकूड कशी खाते ते पाहत बसला. ती डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे कुरतडत जाते, हे पाहून त्याने तशा वळलेल्या दातांची चेन केली. १९४७ पासून ती विकली जाऊ लागली. आज माझ्या भिंतीवर टांगलेली प्रत्येक चेन त्याच घडणीची आहे.

पण मशीन हातात खेळवता येऊ लागलं ते कार्बोरेटरमधून फ्लोट काढला तेव्हा. टिलॉट्सनसारख्या अमेरिकन कंपन्यांनी १९५० च्या आसपास पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर करवतीवर बसवला. त्यात वाटी नाही, तरंगणारं काही नाही. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांनी एक पडदा टाकीतलं पेट्रोल वर खेचतो. दुसरा पडदा इंजिनाच्या ओढीने आत वळतो, एका इवल्या दांडीला ढकलतो, दांडी सुई उचलते आणि थेंबभर पेट्रोल आत येतं. मशीन कसंही धरा, त्याला फरक पडत नाही.

स्लोची सगळी भानगड याच सोयीतून आली. भर रेसवर इंजिनाची ओढ इतकी जोरात असते की पडदा थोडा कडक झालेला असला तरी वळतो. स्लोवर हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. तिच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात आणि त्यांतून येणाऱ्या पेट्रोलवर मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे सांभाळायचे असतात. ओढ कमी, वाट अरुंद. तिथे पडदा जरा अडला, भोकात ऑइलचा चिकटा बसला, कुठून थोडी जादा हवा शिरली, की इंजिन मरतं. रेसवर हेच दोष महिनोन् महिने पोसले जातात आणि कळतही नाहीत.

कापायचं काम मात्र या गावाला नवं नाही. केळना नदीच्या काठचं आमचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत इथल्या माणसांची नावं कोरलेली आहेत. १९७३ मध्ये डॉ. शां. भा. देव आणि डॉ. गुप्ते यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मणी आणि हस्तिदंताची एक कोरीव स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत निघाली होती, इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखालून. शंखाची बांगडी कुऱ्हाडीने निघत नाही. त्याला करवतच लागते, सावकाश, एका लयीत, दाब न देता. मला मूर्तीपेक्षा ते कापणारे हात जास्त जवळचे वाटतात. त्यांच्या करवतीला कुणी तरी धार लावत असणार, दात नीट करत असणार. म्हणजे दुरुस्तीवाला तेव्हाही होता.

माझ्या लहानपणी मोठं झाड पाडायचं तर कुऱ्हाड आणि दोघांची लांब करवत. त्या करवतीचा नियम असा की दोघांनी फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकलंच. सुतार कानस घेऊन बसायचा आणि दात एक इकडे, एक तिकडे वळवायचा, म्हणजे काप रुंद पडतो आणि पातं अडकत नाही. बाभळीचं लाकूड तिफणीला, वखराला, गाडीच्या चाकाला जायचं. जाड ओंडके बैलगाडीत घालून आरा मशीनवर न्यायचे. एक चिंच उतरवायला दोन-तीन दिवस लागत, आणि त्या दिवसांत घरातलं कुणीतरी, बहुतेक म्हातारी आजी, मध्ये पडून ती चिंच वाचवायचीही. आता कटर लावलं की सकाळच्या चहाच्या आत चिंच आडवी होते. १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे, चिंच-आंब्याला परवानगी लागते. दुकानात कुणी चिंचेचं नाव काढलं की मी कागद विचारतो. मशीन दुरुस्त करून देणाऱ्याने एवढं विचारलंच पाहिजे, असं मला वाटतं.

ही मशिनं आमच्याकडे वाढली ती २०१२-१३ च्या दुष्काळानंतर. त्या साली जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. टँकरने पाणी घालून जगवलेली झाडं उन्हाळ्यात पानगळ होऊन उभी वाळली आणि शेतकऱ्याला ती स्वतःच्या हाताने काढावी लागली. कुऱ्हाडीने बाग काढायला मजूर मिळेना, मजुरी परवडेना. कुणी जालन्याहून, कुणी संभाजीनगरहून कटर आणलं, भाड्याने फिरवलं. त्या दिवसांत दुकानात आलेल्या माणसांशी मी पैशाची घासाघीस केली नाही. वाळलेलं मोसंबीचं लाकूड कठीण, भुसा पिठासारखा बारीक. तो एअर फिल्टरमध्ये बसायचा आणि दुपारपर्यंत मशीन स्लोवर थांबेना. तोवर इथल्या दोन-स्ट्रोक दुचाक्या संपत आल्या होत्या. २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि चार-स्ट्रोक गाड्यांनी रस्ता व्यापला. लुना-चेतकवर हात बसलेल्या मिस्त्र्यांना ऐकायला तो जुना आवाज पुन्हा मिळाला, तो कटरमधून.

मी मशीन घेतो तेव्हा स्क्रूला हात लावत नाही. आधी विचारतो, पेट्रोल कधीचं आहे? टाकी उघडून वास घेतो. जुन्या मिश्रणाला वार्निशसारखा आंबूस वास येतो. मग फिल्टर काढून झटकतो, प्लग पाहतो. सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली असेल तर इंजिनाला श्वासच सोडता येत नाही. ऑइल अंदाजाने ओतणाऱ्यांच्या मशीनला हे हमखास असतं. पाच मिनिटं चालून मग मरत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पाहतो. फुस्स आवाज आला आणि मशीन सुधारलं, तर टाकीत हवा जायची वाट बंद आहे, कार्बोरेटर निर्दोष आहे.

एवढ्यात सापडलं नाही तर मशीन गरम करून स्लोवर धरतो आणि हळूहळू फिरवतो: डाव्या अंगावर, उजव्या अंगावर, बार जमिनीकडे. पडद्याच्या कार्बोरेटरचा सगळा जन्म याच कामासाठी, तेव्हा परीक्षाही तीच. आवाज तसाच राहिला तर फक्त सेटिंगचं काम. आपोआप चढायला लागला तर मला ऑइल सीलचा किंवा मॅनिफोल्डच्या रबराचा संशय येतो, कुठून तरी हवा ओढली जातेय. असं मशीन स्क्रू पिळून स्लोवर बसवून देणं हा गुन्हा आहे. जादा हवेवर चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोल कमी पडतं, म्हणजे ऑइलही कमी पडतं, आणि पिस्टन घासून जातो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आठवड्यात मशीन जाम होऊन परत येतं.

कार्बोरेटर उघडायची वेळ आली की पडदा बोटावर घेऊन कानाशी दाबतो. नवा पडदा मऊ असतो, आवाज करत नाही. जुना कडक झालेला असेल तर कागदासारखा कुरकुरतो. तो बदलायचा, घासूनपुसून परत घालायचा नाही. बारीक भोकांत तार घालायची नाही. क्लीनर फवारायचा, हवा मारायची. भोक केसाएवढं मोठं झालं तरी स्लो कायमची बिघडते. शेवटी स्क्रू: एल, म्हणजे स्लोच्या पेट्रोलचा स्क्रू, हलक्या हाताने टेकवून साधारण एक फेरा उघडायचा, इंजिन सगळ्यात मोकळं कुठे बोलतं ते शोधायचं, तिथून किंचित परत सोडायचा. मगच स्लोचा स्क्रू. एचला, म्हणजे भर रेसच्या पेट्रोलच्या स्क्रूला, उगीच हात लावायचा नाही.

हल्ली पडदे लवकर कडक होतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. इथेनॉल मक्यापासूनही बनतं, आणि भोकरदन-सिल्लोड हा तर मक्याचाच पट्टा. शेतकऱ्याच्या मक्याला त्यातून भाव मिळत असेल तर मला आनंदच आहे. मशीन मात्र टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल चालवून संपवून ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगतो. पावसाळाभर भरलेल्या टाकीने ठेवलेलं मशीन दिवाळीनंतर स्लोवर थांबत नाही.

एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करत नाही. स्लोवर चेन जागच्या जागी थांबलेली पाहिजे. बंद पडू नये म्हणून काही जण स्लो इतकी वाढवून ठेवतात की क्लच धरतो आणि रेस न देताही चेन फिरत राहते. कधी क्लचची स्प्रिंग तुटलेली असते. असं मशीन हातात घेऊन माणूस फांद्यांतून चालतो, पाय अडखळतो, आणि फिरती चेन मांडीला लागते. असं मशीन दुकानात आलं तर दुरुस्त झाल्याशिवाय मी ते परत देत नाही, कितीही घाई असो.

आता बॅटरीचे कटर यायला लागले आहेत. त्यात कार्बोरेटर नाही, स्लो हा प्रकारच नाही. बटण सोडलं की मोटार थांबते. फांद्या छाटायला ते चांगले आहेत. दिवसभर शेतात बाभळीचे बुंधे काढायचे, जवळ लाइट नाही, तिथे अजून पेट्रोलच लागतं, म्हणून शिकायला पोरं येतात. त्यांच्या हातात मी आधी लुनाचा जुना कार्बोरेटर देतो, कटरचा नंतर. फ्लोट पाण्याच्या वाटीत तरंगवून पाहतात, वाटी तिरकी करतात, पाणी सांडतं. मग पडदा कशाला आला हे त्यांना सांगावं लागत नाही.