बायनरी की टेक्स्ट? 'किती पट वेगवान' या प्रश्नाचा इतिहास

"बायनरी फॉरमॅट टेक्स्टपेक्षा किती पट वेगवान असतो?" हा प्रश्न फिरून फिरून येतो. मला त्यातलं 'किती पट' खटकतं. का खटकतं, ते सांगायला १९८७ सालात जावं लागेल.

त्याआधी सिरिअलायझेशन म्हणजे काय, ते पटकन बघू. प्रोग्रॅम चालू असताना माहिती मेमरीत विखुरलेली असते. एका तुकड्यात दुसऱ्याचा नुसता पत्ता असतो. दुसऱ्या मशीनवर ते पत्ते निरुपयोगी. म्हणून सगळे तुकडे गोळा करून एका ओळीत मांडायचे आणि पलीकडे पुन्हा उभे करायचे. बस, एवढंच.

तर १९८७. सन मायक्रोसिस्टिम्सचा एक्सडीआर हा बायनरी फॉरमॅट आरएफसी १०१४ म्हणून प्रसिद्ध झाला. नियम कडक: प्रत्येक गोष्ट चार बाइटच्या पटीत, आणि संख्येतला मोठ्या स्थानाचा बाइट आधी. व्हॅक्स किंवा इंटेलच्या मशीनमध्ये क्रम नेमका उलटा. मग दोन व्हॅक्स एकमेकांशी बोलताना दोघांनीही बाइट उलटे करायचे? फुकटचा भुर्दंड! ही तक्रार येणार हे लिहिणाऱ्यांना माहीत होतं. सनच्या एक्सडीआरवरच्या कागदपत्रांत उत्तर आहे: बाइट बदलायला लागणारा वेळ नगण्य, खरा वेळ जातो रचनेतल्या एकेका घटकापर्यंत पोचण्यात. झाडासारखी रचना पाठवायची तर प्रत्येक पानाला भेट द्यावीच लागते. माझ्या मते या विषयावरचं हे सगळ्यात शहाणं उत्तर आहे.

१९९८ मध्ये एक्सएमएल आलं आणि वारं टेक्स्टकडे फिरलं. माणसाला वाचता येतं, बिघाड डोळ्यांनी दिसतो. हा फायदा लहान नाही. पण गूगलनं आत २००१ पासून प्रोटोकॉल बफर्स वापरायला घेतले आणि २००८ मध्ये ते खुले केले. दावा होता: एक्सएमएलपेक्षा ३ ते १० पट लहान, २० ते १०० पट वेगवान. हे आकडे खूप फिरले, 'एक्सएमएलपेक्षा' हा शब्द मात्र वाटेत गळून पडला.

आता साधा हिशेब करू. १५० ही संख्या, तिला एका अक्षराचं नाव. एक्सएमएलमध्ये १० बाइट, जेसनमध्ये ९, प्रोटोबफमध्ये ३. कारण प्रोटोबफ नाव पाठवतच नाही, नुसता क्रमांक पाठवतो. (म्हणजे व्याख्येची फाइल हरवली तर ते ३ बाइट बघून काय कळणार?) पण संख्येऐवजी 'नंदुरबार' पाठवा. यूटीएफ-८ मध्ये २४ बाइट. जेसन दोन अवतरणचिन्हं लावतो, २६. प्रोटोबफ क्रमांक आणि लांबी लावतो, तेही २६! नाव सोडलं तर बचत शून्य. उलट जेसन लिहिणाऱ्या लायब्ररीनं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सहा बाइटच्या एस्केपमध्ये बदललं, तर तेच ५० होतात. दोष टेक्स्टचा नाही, त्या सेटिंगचा.

दशांश संख्यांत मात्र बायनरीला तोड नाही. ८ बाइटची संख्या अचूक लिहायला १७ पर्यंत अंक लागतात, आणि ते अंक काढणं-वाचणं हेच महागडं काम.

मग २०१३ मध्ये केंटन वार्डा यांनी कॅप'न प्रोटो आणला. प्रोटोबफची खुली आवृत्ती तयार करणारे हेच. त्यांनी थेट सनच्या त्या उत्तरावर घाव घातला: मेमरीतली मांडणी आणि तारेवरची मांडणी एकच ठेवली, तर तुकडे गोळा करायचेच कशाला? गंमत म्हणजे बाइटचा क्रम इथे इंटेलचा, एक्सडीआरच्या उलट. किंमतही मोजावी लागली, कारण रिकामे बाइट भरून संदेश फुगतो.

आणि २०१९ मध्ये जेफ लँगडेल आणि डॅनियल लेमायर यांनी सिमडीजेसनवर निबंध लिहिला. ६४-६४ बाइटचे घास घेत एकाच कोअरवर सेकंदाला गिगाबाइटांच्या हिशेबानं जेसन वाचून दाखवलं. फॉरमॅट तोच जुना, वाचायची तऱ्हा बदलली.

हे सगळं आपल्याला कुठे भिडतं? रेशन दुकानात अंगठा लावून उभा असलेला माणूस आठवा, नेटवर्क एक काडी. आधार पडताळणीच्या एपीआयमध्ये आतला माहितीचा गठ्ठा एक्सएमएल किंवा प्रोटोबफ, दोन्हीपैकी कशातही बांधायची सोय दिली गेली. ठशाची माहिती मुळात बायनरी. एक्सएमएलमध्ये घालायला तिचं बेस-६४ करावं लागतं, म्हणजे ३ बाइटचे ४. मग गठ्ठा एन्क्रिप्ट होतो आणि बाहेरच्या एक्सएमएलसाठी पुन्हा बेस-६४. समजा ठसा ९०० बाइटचा. एक्सएमएलच्या वाटेनं गेला तर १२०० आणि मग १६००. प्रोटोबफमध्ये बांधला तर पहिली फेरी वाचते, आणि त्याच ठशाचे साधारण १२०० बाइट त्या एका काडीवरून जातात.